पत्रा जळत नाही, फुटतो

साल १८१७, चैत्र सरत आलेला. तुम्ही घोडनदीच्या काठावर उभे आहात. पात्रात पाणी जेमतेम घोट्याएवढं आणि वरच्या माळावर कंपनी सरकारची छावणी. गोरे या जागेला सिरूर म्हणतात. आसपासची गावं घोडनदी म्हणतात, आणि दोनशे वर्षांनी एसटीच्या पाटीवर शिरूर लिहिलं असलं तरी म्हातारी माणसं तिकीट घोडनदीचंच मागणार आहेत. कर्नल वॉलेस १८०९ मध्ये इथंच वारला. त्याच्या कबरीला लोक पुढे सत्पुरुष म्हणून नवस बोलतील, पण ती वेगळी गोष्ट. तुम्ही छपरं बघायला आला आहात.

बाजारात ऐपतदारांची घरं धाब्याची, वर हातभर पांढरी माती. बाकी सगळं गवत, कडबा, सरमाड. दुपारी वारा सुटतो, कुणाच्या तरी चुलीतली ठिणगी वळचणीला जाते आणि बघता बघता छप्पर पेटतं. तुम्ही घागर शोधायला धावता. लोकांना तुमची कीव येते. पाणी नदीत, नदी पाव कोसावर, आणि वारा कुणाची वाट बघत नाही. इथली रीत निराळी आहे. जळतं घर सोडून द्यायचं आणि लांब काठीच्या आकडीनं शेजारचं न पेटलेलं छप्पर ओढून पाडायचं, म्हणजे आगीला पुढे जायला काही उरत नाही. शेजारी तोंडानं शिव्या देत असतो आणि हातानं स्वतःच छप्पर ओढत असतो. संध्याकाळी एक बाई फुटक्या कणगीतली अर्धवट भाजलेली ज्वारी परातीत घेऊन निवडत बसते. करपल्या ज्वारीचा वास रात्रभर जात नाही.

हा वास लक्षात ठेवा. पुढच्या गोष्टीत लबाडी बरीच आहे, पण सुरुवात लबाडीची नाही. गवताखाली झोपणाऱ्या माणसाला न जळणारं छप्पर हवं होतं, एवढीच ती सुरुवात.

न जळणारी वस्तू जगात होती. पिंजता येणारा, कातता येणारा, विणता येणारा एक दगड. तेराव्या शतकात मार्को पोलोनं चीनकडच्या मुलुखात त्याच्या कापडाची हकीकत लिहून ठेवली: मळलं की विस्तवात टाकायचं, पांढरं होऊन बाहेर येतं. बेंजामिन फ्रँकलिन ऐन तरुणपणी अमेरिकेतून लंडनला आला तेव्हा त्याच्याजवळ या दगडाच्या धाग्यांची एक थैली होती. १७२५ मध्ये ती त्यानं हॅन्स स्लोन नावाच्या संग्राहकाला विकली. आज ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे. म्हणजे घोडनदीच्या बाजारात ज्वारी करपत होती तेव्हा ॲसबेस्टॉस हा शौकिनांच्या कपाटातला ऐवज होता. गरिबाच्या डोक्यावर यायला त्याला अजून सव्वाशे वर्षं लागायची होती.

पुढची उडी मोठी आहे. दौंड, १९३६.

स्टेशनच्या पाटीवर इंग्रजीत 'धोंड'. पुण्याहून रूळ येऊन पाऊणशेहून जास्त वर्षं झाली, १८७८ मध्ये मनमाडची लाइन निघाली, आणि तेव्हापासून हे गाव भीमेच्या पाण्यावर कमी आणि इंजिनांच्या वेळापत्रकावर जास्त जगतं. रेल्वे कॉलनीत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, शेडमध्ये मराठी खलाशी. तुम्ही शेडमध्ये शिरता. एका इंजिनाच्या बॉयलरवरचा लोखंडी पत्रा उघडलाय आणि आत मळकट पांढऱ्या लेपाचा जाड थर दिसतोय. त्या काळी जगभरच्या वाफेच्या इंजिनांना ॲसबेस्टॉसचं असं आवरण असे. ते नसेल तर बॉयलरची ऊब वाऱ्यावर जाते आणि कोळसा नुसता खात सुटतो. फिटर जुना थर छिन्नीनं खरवडतो. भुकटी त्याच्या खांद्यांवर, मिशांवर, जेवणाच्या डब्यावर बसते. खाली खलाशी नवा माल घमेल्यात पाणी घालून हातानं कालवतोय. हात वाळले की तो ते एकमेकांवर झटकतो, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात बारीक काहीतरी चमकत तरंगत राहतं.

तुम्ही श्वास रोखून धरता. खलाशी विचारतो, "काय झालं साहेब? वास येतोय?"

वास येत नाही, हीच अडचण आहे. वास नाही, चव नाही, खाज नाही, ठसका नाही. मिरची कुटताना शिंका येतात म्हणून माणूस तोंडाला पदर लावतो. इथं शरीर कुठलीच सूचना देत नाही. डोळ्यांना दिसतो तो जाडा धुरळा नाकातच अडकतो. जो दिसत नाही, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक असू शकतो, तो तंतू थेट फुप्फुसाच्या तळाशी जातो. तिथल्या रक्षक पेशी त्याला गिळायला बघतात. तो गिळला जात नाही, विरघळत नाही, कुजत नाही. पेशीच मरते, दुसरी येते, तीही मरते. या झटापटीत आतलं मऊ जाळं घट्ट होत जातं, वण पडत जातात, आणि हवा ये-जा करायची जागा कमी होते. हा ॲसबेस्टॉसिस. शिवाय फुप्फुसाचा कर्करोग आहे, आणि मेसोथेलिओमा नावाचा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आहे, जो ॲसबेस्टॉसखेरीज दुसऱ्या कारणानं फार क्वचित होतो. भट्टीत टिकून राहायचा जो गुण, तोच छातीतही टिकून राहायचा.

आणि हे सगळं व्हायला काळ लागतो. दहा वर्षं, वीस वर्षं, मेसोथेलिओमाला तर बहुधा तीस-चाळीस. तुमच्या या प्रवासातल्या उड्या आता तेवढ्याच लांबीच्या असणार आहेत, कारण तंतूही तशाच उड्या मारत येतो.

खलाशाला यातलं काही ठाऊक नाही, हे समजण्यासारखं आहे. पण कुणालाच ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मात्र नाही. त्यासाठी बारा वर्षं मागे आणि पाच हजार मैल पश्चिमेला चला.

इंग्लंडमधलं रॉचडेल, मार्च १९२४. नेली केरशॉ नावाची बाई मेली आहे, वय ३३. टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात ती ॲसबेस्टॉसचं सूत कातायची. आजारी पडल्यावर तिनं भरपाई मागितली, कंपनीनं नाकारली. अंत्यविधीच्या खर्चालाही हात लावला नाही. तिची फुप्फुसं विल्यम कुक या डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली धरली, त्यात त्याला खनिजाचे कण दिसले, आणि त्यानं ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. मग सरकार हललं. मेरेवेदर आणि प्राइस यांनी ३६३ कामगार तपासले, त्यांतल्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास लोकांच्या फुप्फुसांत वण निघाले. १९३० मध्ये अहवाल आला, १९३१ मध्ये तिथं धुळीविरुद्ध नियम झाले.

आणि १९३४ मध्ये भारतात ॲसबेस्टॉस सिमेंट लिमिटेड ही कंपनी उभी राहिली. तिच्यामागे टर्नर अँड न्यूऑल होती, म्हणजे नेली केरशॉच्या मालकांचाच वाढलेला पसारा. कारखाने कटनीजवळच्या कैमोरला, आपल्या मुलुंडला, कलकत्त्याला. या तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा: १९३०, १९३१, १९३४. माल आगबोटीनं आला, यंत्रं आली, इंग्रज साहेब आले. अहवाल तेवढा मागे राहिला. दौंडच्या शेडमधला खलाशी हात झटकत होता तेव्हा त्याच्या छातीत काय चाललंय हे रॉचडेलच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरला छापील पानावर वाचता येत होतं.

आता १९७५. दिवाळी उलटून गेलेली. शिरूरहून न्हावऱ्याला आणि तिथून पारगावला भीमा ओलांडून केडगाव-चौफुल्याकडे जाणाऱ्या वाटेवरची एक वस्ती. नदीच्या या अंगाला शिरूर तालुका, त्या अंगाला दौंड. बहात्तरच्या दुष्काळात इथल्या आबांनी आणि त्यांच्या कारभारणीनं सरकारी कामावर खडी फोडली. आता नदीवर मोटर बसलीय, दीड एकर ऊस उभा आहे, सोसायटीचं कर्ज मिळालंय. आणि आज घरावर सिमेंटचे पत्रे चढणार आहेत. ट्रकमधून पाचटाच्या गादीवर झोपवून आणलेत, एकाला टवका नाही.

मिस्त्री केडगावचा. कैची आणि आडवे वासे काल बसले, आज पत्रा. सिमेंटचा पत्रा चढवायची एक युक्ती असते. चार पत्र्यांचे कोपरे जिथं एकावर एक येतात तिथं चार थर झाले तर पत्रा फुगतो आणि पाणी आत येतं. म्हणून मधल्या दोन पत्र्यांचे कोपरे तिरके कापायचे. मिस्त्री गुडघ्याखाली पत्रा धरून करवत चालवतो. खर्र खर्र, आणि राखाडी पीठ भुरभुरत खाली. भोक पाडायला गिरमिट. पन्हळीच्या उंचवट्यावर, खालच्या घळीत कधीच नाही. भोक पडलं की हाताखालचा सतरा वर्षांचा पोरगा तोंड जवळ नेऊन फुंकर मारतो, एक डोळा मिटून आरपार बघतो, मग जे-हुक घालतो, डांबरी वॉशर, वर नट. पुढचं भोक. पुन्हा फुंकर. दुपारपर्यंत त्याच्या भुवया आणि पापण्या म्हाताऱ्याच्या दिसायला लागतात. वस्तीवरची पोरं त्याला 'आजोबा, आजोबा' म्हणून चिडवतात, आणि तोही कंबर वाकवून चालून दाखवतो.

"मिस्त्री, आग लागली तर वो?" आबा विचारतात. त्यांच्या चुलत्याचं छप्पर उन्हाळ्यात पाचटासकट गेलं, बैलजोडीतला एक भाजला.

"आबा, ह्यो दगुड हाय. दगडाला कुठं आग लागती व्हय? तुमच्या नातवाच्या नातवाला बी पुरंल."

कारभारणीला आगीपेक्षा शाकारणी सुटल्याचा आनंद जास्त आहे. दर वैशाखात गवत आणा, जुनं उकला, विंचू झटका, नवं बांधा, आणि एवढं करून श्रावणात गळती ती गळतीच. आता ते गेलं. ती केरसुणी घेऊन राखाडी पीठ झाडायला लागते, कोरडंच. सगळी ओसरी धूसर होते. मग तिथंच पाट मांडून पिठलं-भाकरी वाढली जाते. उरलेले तुकडे पोरांनी पळवलेत. सिमेंटच्या पत्र्याच्या चपट्या ठिकऱ्या अंगणातल्या खेळाला एक नंबर, आणि दगडावर घासून गोल केल्या तर आणखी सरस. तीन पोरं घासत बसली आहेत.

न राहवून तुम्ही मिस्त्रीला बाजूला घेता आणि सांगता. ही धूळ छातीत बसते, तीस-चाळीस वर्षांनी त्रास देते. तो बिडी पेटवतो, विचार करतो. खरोखरच करतो.

"चाळीस वर्सं? तवर कोण ऱ्हातंय!"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्याकडेही नसणार. ज्याला पुढच्या पावसाची खात्री नाही त्याला चाळीस वर्षांनंतरच्या धापेची भीती घालून उपयोग नसतो. ॲसबेस्टॉसचा सगळा धंदा या अंतरावर तरला. आज विकायचं, गिऱ्हाईकाचं समाधान आज, आणि बिल येणार तेव्हा दुकान, दुकानदार, पावती यांतलं काही उरलेलं नसणार.

रात्री गारठा पडतो, शेकोटी पेटते. पोरांना एक गंमत सापडली आहे. पत्र्याचा तुकडा निखाऱ्यात खुपसून लांब पळायचं. थोड्या वेळानं फाटकन आवाज होतो, तुकडा फुटून ठिणग्यांसकट उडतो, पोरं टाळ्या पिटतात. आबा ओरडतात, "डोळा फोडून घ्याल!" आणि पुन्हा तंबाखू मळू लागतात. आग लागली तर काय, या सकाळच्या प्रश्नाचं उत्तर शेकोटीनं दिलंय, पण कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. तंतू जळत नाही हे खरं. पण पत्र्यात तंतू थोडा, दहाव्या हिश्श्याच्या आसपास, बाकी मुख्यतः सिमेंट. सिमेंटमध्ये पाणी धरलेलं असतं, तापल्यावर त्याची वाफ होते, बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि पत्रा तडकून फुटतो. घराला मोठी आग लागली तर हे छप्पर पेट घेणार नाही, पण तुकडे होऊन खालच्या माणसांवर कोसळेल आणि धुरासोबत तंतूही उधळेल. 'फायरप्रूफ' या शब्दाच्या जाहिरातीत हे सांगत नसत.

एक गोष्ट न्यायानं सांगितली पाहिजे. या पत्र्याखाली झोपल्यानं आबांचं घर आजारी पडत नाही. अखंड, धड पत्र्यात तंतू सिमेंटनं जखडलेला असतो आणि जागचा हलत नाही. ज्यांनी कारखान्यात तंतूची पोती फोडली, ज्यांनी कापलं, भोकं पाडली, झाडलं, त्यांचं मरण. भीती घालणारी माणसं हा फरक करत नाहीत आणि विकणारी माणसं याच फरकाआड लपतात.

घाटकोपर, २००४ च्या आसपास. इथं उडी मारताना नाकाला रुमाल लावू नका, कारण कारखान्यात जायचं नाहीये, कामगारांच्या रांगेत बसायचं आहे. पूर्वीची हिंदुस्तान फेरोडो, आताची हिंदुस्तान कंपोझिट्स. इथं ब्रेक लायनिंग आणि ॲसबेस्टॉसचं विणकाम चालायचं. विणकाम म्हणजे सुकं काम, पत्र्याच्या ओल्या कामापेक्षा कितीतरी धुळीचं. एकेकाला कुणी टीबी सांगितलेला, कुणी बिडीचा खोकला. रांगेतला एकजण म्हणतो, "क्षयाच्या गोळ्या दोन खेपा खाल्ल्या. क्षय असता तर बरा झाला असता ना?"

डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी युनियनच्या पुढाकारानं ही तपासणी केली. छातीची फिल्म, नळीत जोरात फुंकायची चाचणी, आणि एक साधा प्रश्न: किती वर्षं, कुठल्या खात्यात? २३२ कायम कामगारांपैकी १८१ आले. पाचांतल्या एकाला तरी ॲसबेस्टॉसिस निघाला. त्यांचा शोधनिबंध २००५ मध्ये छापून आला. देशात अंदाजे एक लाख कामगार ॲसबेस्टॉसच्या संपर्कात असताना भरपाई मिळालेले तीससुद्धा नाहीत, असं त्यात लिहिलं आहे. कारणंही आडपडदा न ठेवता दिली आहेत: डॉक्टरांना या आजारांचं शिक्षण नाही, जाणूनबुजून चुकीचं निदान होतं, आणि मध्यमवर्गीय डॉक्टरला कामगाराबद्दल मुळात आस्था कमी. डॉक्टरांनीच डॉक्टरांबद्दल इतकं रोखठोक लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं. शिवाय हे कायम कामगारांचं. कंत्राटावर येऊन पोती फोडून गेलेल्या माणसाचं नाव कुठल्या वहीत शोधायचं?

वही ठेवायची असते, तसं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात न्यायालयानं कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि ॲसबेस्टॉसच्या कारखान्यांना प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत उशिरा संपेल तोवर जपायला लावली. चाळीस वर्षं. मिस्त्रीनं हसण्यावारी नेलेला आकडा न्यायालयानं गांभीर्यानं लिहून घेतला होता.

आणि आता आजच्या दिवसात या. केडगाव स्टेशन. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या बायका-मुलींसाठी उभं केलेलं मुक्ती मिशन इथलंच, नारायण महाराजांचं बेटही इथलंच. हवेत गुऱ्हाळांचा गोड-धुरकट वास. ॲसबेस्टॉस सिमेंटचा पत्रा करणाऱ्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या सह्याद्री इंडस्ट्रीजचा, म्हणजे 'स्वस्तिक' पत्र्यावाल्यांचा, एक कारखानाही केडगावचाच. मिस्त्रीचं गाव ते. धंदा कायदेशीर आहे हे इथं स्पष्ट सांगायला हवं, कारण गोंधळ कायद्यातच आहे. निळा आणि तपकिरी ॲसबेस्टॉस आपण बंद केला, पांढरा चालू ठेवला. आपल्या खाणींना १९८६ पासून नवे परवाने नाहीत, मात्र परदेशातून आणायला मोकळीक. आज भारत हे जगातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे आणि माल मुख्यतः रशियाचा. उरलमधल्या ज्या शहरातून तो निघतो त्याचं नावच आस्बेस्त. जमिनीतून काढायला जे नको वाटलं ते बोटीनं आणायला चालतं, याला धोरण म्हणायचं तर म्हणा.

या पांढऱ्या जातीवरूनच सगळा वाद आहे. उद्योगवाल्यांचं म्हणणं, पांढरा तंतू शरीरातून लवकर निघून जातो, सिमेंटमध्ये बांधलेला असतो, पोती आता यंत्रानं बंदिस्त फुटतात, आणि गरिबाला इतकं स्वस्त छप्पर दुसरं नाही. यातला शेवटचा मुद्दा मला खोटा वाटत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्याच जाती कर्करोगकारक ठरवल्या आहेत आणि जगभरात कामावर ओढवलेल्या ॲसबेस्टॉसपायी वर्षाला दोन लाखांहून जास्त माणसं मरतात असा तिचा अंदाज आहे. ब्रिटननं १९९९ मध्ये बंदी घातली. शेजारच्या नेपाळनं २०१५ मध्ये घातली, आणि गरिबांची घरं नेपाळमध्येही आहेत. वर्षानुवर्षं आपल्याला हा माल विकणाऱ्या कॅनडानं स्वतःसाठी २०१८ मध्ये बंद केला. क्यूबेकमधलं ॲसबेस्टॉस नावाचं खाणीचं गाव, त्यानं २०२० मध्ये नावही बदलून घेतलं.

मूळ वस्तीवर चला. आबा गेले. १९७५ मधला हाताखालचा पोरगा आज सदुसष्टचा. शिरूरच्या एका दवाखान्याच्या बाकावर बसलाय, चार पायऱ्या चढून आला तरी छाती भात्यागत चालतेय. डॉक्टर विचारतात, "तंबाखू? बिडी?" तो मान हलवतो, बिडी होतीच. बिडी आणि ॲसबेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा पुष्कळ वाढतो. पण दुसरा प्रश्न विचारलाच जात नाही. तरुणपणी काय काम केलं, कशाची धूळ खाल्ली? कागदावर 'दमा' असं लिहिलं जातं आणि पुढचा नंबर पुकारला जातो. दमाच असेलही. ते ठरायला प्रश्न तर पडायला हवा होता.

त्याच वेळी वस्तीवर आबांचा नातू जुने पत्रे उतरवतोय. वळवानं दोन फोडले, आता रंगीत लोखंडी पत्रे टाकायचे. गंजलेले जे-हुक निघत नाहीत म्हणून बावीस वर्षांचा एक मुलगा ग्राइंडर घेऊन वर चढलाय आणि थेट पत्राच कापतोय. करवतीनं दिवसभरात जेवढं पीठ पडलं होतं, तेवढं ग्राइंडर चहा येईपर्यंत उडवतो. खाली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तुकडे आदळताहेत. वस्तीच्या वाटेवरच्या खड्ड्यांत टाकायचे आहेत. वरून चाकं गेली की आपोआप बारीक होतील, असं नातू सांगतो. भंगारवाला घेत नाही, मग करणार काय?

मागच्या सगळ्या थांब्यांवर तुम्ही पाहुणे होता. हे साल तुमचं आहे. इथं तुम्हाला हाक मारता येते, म्हणून मारा. आधी त्या मुलाला जुन्या पत्र्यावर पाय देऊ नको म्हणून सांगा. जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटून माणूस खाली येतो, आणि त्या मरणाला चाळीस वर्षं लागत नाहीत. फळी टाकून पत्र्यावर नव्हे, वाशावर भार येईल असं उभं राहायचं. ग्राइंडर बंद. घरात औषध फवारायचा पाठीवरचा पंप असेल, तो स्वच्छ धुऊन साध्या पाण्यानं भरा, त्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाका आणि पत्रा दोन्ही अंगांनी चिंब करा. ओला तंतू उडत नाही. हुक कापायचा, पत्रा नाही. अख्खा सुटेल तेवढा अख्खा दोरानं उतरवा, आपटू नका. खाली ताडपत्री अंथरा. तोंडाला रुमाल किंवा गमछा बांधून काही अडत नाही, तंतू आरपार जातो. निदान एफएफपी-३ किंवा पी-१०० मास्क लावा, तोही नाकावर घट्ट. काम झाल्यावर झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसून फडकं टाकून द्यायचं. कपडे अंगावरून उतरवून वेगळे भिजवायचे, पोरांच्या कपड्यांत नाही. कामगारांचे कपडे धुऊन धुऊन आजारी पडलेल्या बायकांची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. तुकडे वाटेवर टाकू नका, बांधावर रचू नका, शेकोटीच्या जवळपासही जाऊ देऊ नका. जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा आणि ग्रामपंचायतीला लेखी विचारा की हे टाकायचं कुठे. पंचायतीकडे उत्तर नसेल, पण दहा अर्ज गेले तर प्रश्न तरी तालुक्याला पोहोचेल. आणि ज्यांच्या घरावरचे पत्रे अजून धड आहेत त्यांनी घाबरून ते काढायला जाऊ नये. रंग द्या आणि राहू द्या.

राहता राहिला बाकावरचा सदुसष्ट वर्षांचा माणूस. तुमच्या घरात, भावकीत असा कुणी असेल, पत्रे बसवलेला, रेल्वेच्या शेडमध्ये राबलेला, पत्र्याच्या कारखान्यात पोती उचललेला, ब्रेक लायनिंग घासलेला, आणि त्याला दम लागत असेल, तर त्याच्यासोबत दवाखान्यात जा. डॉक्टरांना आधी त्याचं काम सांगा, साल सांगा, मग दुखणं सांगा. ॲसबेस्टॉसिस हा कायद्याच्या यादीतला, डॉक्टरनं सरकारला कळवायचा आजार आहे. त्यांनी विचारलं नाही, तर तुम्ही कागदावर लिहून घ्या म्हणा.